अस्वलाने मंत्र कधी तयार करायचे

रविवार, ९ फेब्रुवारी

आणि वर मलाच सांगतो, अस्वलाला अक्कल नसते. सांगणारा कोण, तर देवेश, ज्याने चार वर्षांचं इंजिनिअरिंग सहा वर्षांत केलं. मागच्या रविवारपासून हेच चाललंय. आज सगळी संध्याकाळ गेली आणि खेळ जागचा हलला नाही.

पुढे वाचताना मलाच कळलं पाहिजे म्हणून नीट लिहितो. देवेश गोष्ट सांगतो, आम्ही त्यातली माणसं होतो. काय करायचं ते बोलायचं आणि फासा टाकायचा. कल्पिता ही देवेशची चुलतबहीण, सीएच्या परीक्षा देते, खेळात जादूगारीण आहे. मी रानजोगी. आधी कमलेश नावाचा एक जण खेळायचा, तो लग्न करून सुटला. मग देवेशच्या घरच्या गोडाऊनमध्ये झोपतो तो माणूस आठवला, म्हणजे मी. आठवीपर्यंत शिकलेला चालेल म्हणाले, बेरीज आली म्हणजे झालं. मोठी मेहेरबानी.

रानजोग्याला जनावराचं रूप घेता येतं आणि मंत्र येतात. मंत्र ढीगभर आहेत, पण रोज पहाटे बसून त्यातले चार निवडून तयार करायचे. डबा भरतात तसं. सकाळी भरलं तेच दिवसभर खायचं. अस्वल झाल्यावर मंत्र म्हणता येत नाही, कारण तोंड अस्वलाचं. मान्य. पण सकाळचा डबा कुठे जात नाही, परत माणूस झालो की उघडायचा. हेही सगळ्यांना मान्य. वाद एवढाच आहे की रात्र अस्वल म्हणून काढली आणि पहाट झाली, तर अस्वल असतानाच नवा डबा भरता येतो का.

मी म्हणतो, येतो. म्हणायचं कुठे आहे, निवडायचंच तर आहे, मनातल्या मनात. आम्ही बर्फाच्या घाटात अडकलोय. अस्वल राहिलो तर थंडी वाजत नाही. चार मंत्रांसाठी माणूस होऊन काकडत कोण बसेल? कल्पिताने जाडं पुस्तक काढलं. त्यात लिहिलंय, जनावराच्या रूपात मंत्र म्हणता येत नाही. निवडता येत नाही असं कुठेच नाही. म्हणजे मी जिंकलो. तर देवेश म्हणतो, विचार करून सांगतो. विचार करायला ह्याला आठवडा लागतो. अस्वलाला लागला नसता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शहाडला हळद होती. देवेशचे वडील गोपीनाथशेठ यांचा हा धंदा आहे. मंडप, बेंजो, लायटिंग, नाचणाऱ्या पोरी आणि अस्वल. अस्वल मी. शेठच्या आज्याचं मिठागर होतं म्हणतात, आता तिथे टॉवर आहेत. शेठ अजून लुंगीवर गल्ल्यावर बसतात आणि पोरगा बर्फाच्या घाटात राज्य करतो.

शेठचा नियम एकच, ड्रेस चढला की तोंड बंद. मागे एक जण अस्वलाच्या आतून "पाणी द्या" बोललेला. एक पोरगं असं घाबरलं की नवऱ्याला हळद लावायची सोडून सगळं वऱ्हाड त्याच्या मागे. तेव्हापासून अस्वल मुकं.

आज मुंडकं घालून उभा होतो तेव्हा मुद्दाम लक्ष ठेवलं. उद्या कळव्याहून कितीची गाडी, कुठला ड्रेस वाळत घालायचा, सगळं मी अस्वलाच्या आत ठरवलं. नवरदेवाच्या मामाने पोटात गुद्दा मारला तरी ठरवत होतो. आणि देवेश सांगतो, अस्वलाला तयारी जमत नाही. ह्याने एकदा ड्रेस घालून बघावा.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आईचा फोन. तेच. शिमग्याला ये.

आमच्या वाडीत पालखीपुढे संकासूर नाचतो. अंगात काळे कपडे, तोंडावर काळा कपडा, डोक्याला उंच टोपी, कमरेला घुंगरू. ते सोंग आमच्या घराचा मान आहे. आजोबा नाचले, मग बाबा. बाबांचा गुडघा गेला तेव्हापासून मी. घरातलं कोणी उभं राहिलं नाही तर मान चुलत्यांच्या घरी जाणार आणि मग कायमचा गेला. चुलतभाऊ रघु आतापासूनच उंच टाचा करून चालत असेल.

मी नाही म्हणालो नव्हतो. बाबांनीच नाही म्हटलं. देवेशने माझा डोंबिवलीच्या हळदीतला नाच मोबाईलवर टाकला, खाली माझं नाव, मोठा उपकार. वाडीत सगळ्यांनी बघितला. तोवर घरी मी 'सुपरवायझर' होतो. बाबा गेल्या महिन्यात फोनवर म्हणाले, "पैसे घेऊन दुसऱ्याच्या लग्नात सोंग घेतोस, आता देवीपुढे कुठल्या तोंडाने उभा राहणार?" मी म्हणालो, तोंड झाकलेलंच असतं. फोन कट.

आता बाबांनी स्वतः बोलावलं तरच जाणार. ते बोलावणार नाहीत. मग त्यांनी त्या गुडघ्यावर नाचावं.

आई रडली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "महिपत, तू नाय आलास तर घरात दुसरं हाय कोण?" मी म्हणालो, बहीण आहे ना, योगिनीला उभी करा. आईने फोन ठेवला. चेष्टा केली होती. बाईमाणसाने त्या टोपीला हातसुद्धा लावायचा नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

आपल्याच तोंडाने आपलं अस्वल मारलं.

खेळ सुरू व्हायच्या आधी कल्पिताने विचारलं, आज तोंड का उतरलंय. तर मी शहाण्यासारखं संकासुराचं सगळं सांगत बसलो. सोंग घेणारा पहाटे आंघोळ करून देवळात जातो. आपल्या तोंडाने आपलं नाव घेऊन गाऱ्हाणं घालतो, की आई, आज मी तुझ्यापुढे नाचणार, चुकलंमाकलं सांभाळून घे. मग कपडे. टोपी चढली की पालखी परत देवळात येईपर्यंत एक शब्द नाही. कोणी नावाने हाक मारली तरी ओ द्यायची नाही, कारण आता तो तू नाहीस.

देवेश खुर्चीतून उठलाच. म्हणाला, "भाई, हे आधी का नाही सांगितलंस? हाच नियम." आणि फळ्यावर लिहून टाकलं: तयारी आपल्या रूपात, आपल्या नावाने. रूप बदललं की आधी जे मागून घेतलंय त्यावर निभवायचं.

मी म्हणालो, ते देवाचं आहे आणि हे खेळातलं. तो म्हणतो फरक काय. कल्पिताने पुस्तक मिटलं. पुस्तकात आमची वाडी नाही म्हणाली, पण पटतंय. जी बाई मागच्या रविवारी माझी वकील होती ती आज तिकडे जाऊन बसली. सीए होणार नक्की.

बुधवार, १९ फेब्रुवारी

योगिनीचा फोन, दुपारी. एरवी ही रिचार्जशिवाय फोन करत नाही. आज विचारते, दादा, अस्वलात श्वास कसा घेतोस? घाम डोळ्यात गेला तर? खालचं दिसतं का?

मी म्हणालो, तुला काय करायचंय. म्हणे, कॉलेजात लोककलेवर लिहायचंय. घ्या. आम्ही घामाने मरतो आणि हिला त्यावर मार्क मिळतात.

तरी सांगितलं. कपाळाला ओला रुमाल घट्ट बांधायचा. खाली बघायचं नाही, पायाने जमीन चाचपायची, म्हणून अनवाणी बरं. नाकाने श्वास, तोंडाने घेतलास की कपडा आत ओढला जातो. दम लागला की थांबायचं नाही, जागच्या जागी डोलायचं, लोकांना वाटतं नाचच आहे. ही माझी खास युक्ती, शेठलाही माहीत नाही.

मग देवेशचा नियम ऐकवला, हसायला म्हणून. ती हसली नाही. "म्हणजे गाऱ्हाणं स्वतःचं नाव घेऊनच घालायचं? दुसऱ्याचं घेतलं तर?" मी म्हणालो, दुसऱ्याच्या नावाचा डबा आपल्याला मिळतो का? तिने ते मला दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, बरं झालं विचारलं.

मार्कांसाठी पोरं काय काय करतील.

रविवार, २३ फेब्रुवारी

घाटात पहाट झाली. कल्पिताची जादूगारीण कड्यावरून पडलेली, श्वास चालू, बाकी काही नाही. माझ्या डब्यात कालचे मंत्र होते: उजेड, धुकं, काटेरी वेल, आणि माशांशी बोलणं. बर्फात मासे. जखम भरायचा मंत्र मला येतो, पण तो सकाळी निवडावा लागणार. त्यासाठी माणूस व्हायचं आणि थंडीत बसायचं. देवेश म्हणाला, थंडीचा फासा टाकावा लागेल, कदाचित तू मरशील, कदाचित नाही. काय करतोस?

मी म्हणालो, अस्वलच राहतो. अस्वल म्हणूनच मंत्र निवडतो. नियम मला मान्य नाही.

देवेश म्हणाला, अस्वल बर्फात बसून मनात काहीतरी म्हणतं. काही होत नाही.

मी परत तेच म्हणालो. तो परत म्हणाला, काही होत नाही. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्याने फासा पुढे सरकवलाच नाही. जादूगारीण गेली. कल्पिता दीड वर्ष ती खेळत होती.

मला वाटलं ओरडेल. तिने आपला कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. जाताना म्हणाली, "नियमाचं काही नाही रे. तुला माणूस व्हायचं नव्हतं."

थंडी होती म्हणालो. ती गेली होती.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काही नाही. ड्रेसची पाठीमागची चेन तुटली. सेफ्टी पिना लावून हळद केली. एक पिन रात्रभर टोचत होती. जादूगारणीचा शाप म्हणायचा.

मंगळवार, ४ मार्च

आज शेठना विचारलं, होळीला काम आहे ना? आईला तसं सांगून बसलोय. शेठ माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच मराठी विसरलोय. म्हणाले, "शिमग्याला आमच्याकं कोन हलद लावतंय रं? सगलं गाव होलीवर. जा, गावाला जा, चार दिस राहा."

झालं. जगात मालक सुट्टी देत नाही म्हणून माणसं मोर्चे काढतात, आणि माझा मागितल्याशिवाय देतो.

आईला फोन केला, सुट्टी नाही म्हणून परत सांगायला. तिने पुढचं ऐकलंच नाही. बरं बरं, जेवत जा म्हणाली. ये म्हणाली नाही. मागे घुंगरू वाजत होते. कोण आहे विचारलं तर म्हणे, तुझे बाबा अंगणात बसलेत. बाबांचा आवाज येत होता, "पाय उचल, पाय. उजवा." स्वतःच्याच गुडघ्याला सांगत असतील. म्हातारा खरंच नाचणार वाटतं, मोडक्या पायावर. पण मला एक फोन करणार नाही. ह्याला म्हणतात बाणा.

मी खोपटच्या एसटी डेपोत जाऊन फक्त गाड्यांच्या वेळा बघून आलो. सहज. शेजारीच काम होतं.

रविवार, ९ मार्च

कल्पिता आली. मला वाटलेलं खेळ सोडेल. नवीन पात्र घेऊन आलीये, म्हणे हीसुद्धा रूप बदलते, मांजर होते. पहिल्याच पहाटे मांजरीची बाई झाली, काकडत बसली, चार मंत्र निवडले, परत मांजर झाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. असं शिकवायचं असतं का कोणाला?

माझा रानजोगी अजून अस्वलच आहे. देवेश म्हणाला, तुझा डबा आता शिळा झालाय, त्यात अजून ते मासेच आहेत. दोघं हसले. मीही हसलो, काय करणार.

शुक्रवार, १४ मार्च

काल कळव्यात होळी झाली. शेठच्या घरच्या बायकांनी नटूनथटून होळीला नैवेद्य दाखवला, नारळ टाकले, मला पुरणपोळी बळजबरीने खायला घातली. शेठ म्हणाले, "नाय ना गेलास? बरा, खा." रागावले होते. माझ्या बापाच्या वाटचं.

आज रंग. गोडाऊनचं शटर अर्धं ओढून बसलोय. आता पालखी निघाली असेल. रघु टोपी घालून मिरवत असेल. त्याला जमणार नाही. त्याला मान हलवता येत नाही, नुसता बैलासारखा उड्या मारतो. घुंगरू एका ठेक्यात वाजले पाहिजेत, पाय जमिनीला चिकटून उठला पाहिजे. जाऊ दे. मान गेला तर गेला. मानाने कोणाचं पोट भरलंय?

अस्वलाचं मुंडकं समोरच्या खिळ्यावर आहे. ते हसरं आहे, नेहमीच. त्याला उलटं करून ठेवलं.

रविवार, १६ मार्च

रघुचा मेसेज आलाय: "भाऊ, आलास तर भेटायचं तरी. नाच एक नंबर. आमचे पप्पा बोलले, मान योग्य घरात आहे."

मी कळव्यात. माझा नाच वाडीत.

आईला फोन लावला. आधी हसली. मग म्हणाली, घरातलंच होतं कोणीतरी. कोण? म्हणे, बोलायचं नसतं सोंगातल्याचं नाव. बाबांना विचार म्हणालो. बाबा मागून म्हणाले, "सांग त्याला, मान घरात राहिला." दोन महिन्यांत माझ्यासाठी त्यांचा हा पहिला शब्द, तोही आईला सांगून.

रघुने व्हिडिओ पाठवला. पालखीपुढे संकासूर, बाजूला बाबा काठी टेकत. लोक ओरडतायत, महिपत, महिपत. तो ओ देत नाही. बरोबर आहे. पण नाचतो! मान अशी हलते की टोपीचा शेंडा गोल फिरतो, तरी टोपी सरकत नाही. माझी सरकायची. एकदा दम लागलेला दिसतो, तर थांबला नाही, जागच्या जागी डोलत राहिला. माझीच युक्ती. बाबांनी खालच्या वाडीतला कोणीतरी पोरगा पकडून गुपचूप शिकवला असणार. आमच्या घरातला म्हणून उभा केला. म्हातारा दिसतो तसा साधा नाही.

सगळ्यात वाईट वाटलं योगिनीचं. तिने काही बघितलंच नाही. तिला विचारलं तर म्हणे अंग दुखत होतं, घोटा सुजलाय, मी आतल्याच खोलीत होते. आवाजही बसलेला. वर्षाचा सण आणि ही पडून.

संध्याकाळी खेळायला बसलो तेव्हा व्हिडिओ दाखवला. देवेशने एकदा बघितला, मस्त म्हणाला. कल्पिताने तीनदा बघितला. मग विचारते, तुझी बहीण किती उंच आहे? मी म्हणालो, माझ्या कानापर्यंत, का? काही नाही म्हणाली, आणि तोंडावर ओढणी घेऊन हसत सुटली. देवेशच्या कानात काहीतरी बोलली. तो "आईशप्पथ" म्हणाला आणि पुन्हा व्हिडिओ बघायला लागला. मी काय ते विचारलं. कल्पिता म्हणाली, "तू अस्वलच राहा रे. तुझं बरं चाललंय."

शिमग्याच्या खेळ्यातलं हिला काय कळतंय. शहरातली पोरं, कुठेही हसतात.

सोमवार, १७ मार्च

रात्री झोप नीट लागली नाही. त्या पोराचा विचार येत होता. आमच्या घरासाठी, दुसऱ्याच्या नावाने हाका ऐकत, तोंड बंद ठेवून, उन्हात घरोघरी नाचला. लोकांनी शाबासकी मला दिली. हळदीत मी निदान स्वतःसाठी घाम गाळतो, त्याला काय मिळालं? बाबांनी नारळ दिला असेल हातात. बाबांचा हात तेवढाच लांब आहे.

आणि नाव नाही घेता येत म्हणून आभारही नाही मानता येत. पैसे घेऊन सोंग घेतो म्हणून मला बोलणी बसली, ठीक आहे. पण सोंग घेतलेल्याला मागाहून दिलं तर त्यात पाप नाही. माझा तरी असा नियम आहे, देवेशला विचारलेलं नाही.

योगिनीला फोन केला. म्हणालो, तो कोण आहे ते मला नको सांगूस, पण तुला माहीत असणार, वाडीत तुझ्यापासून काही लपत नाही. मी पैसे पाठवतो, ते त्याच्या हातात नेऊन दे. सांग, महिपतदादाने बघितलं, माझ्यापेक्षा चांगला नाचलास म्हणाला. मध्ये स्वतः खाऊ नकोस. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग बसक्या आवाजात म्हणाली, "देते, दादा. हातात देते." रडत होती वाटतं. घोटा फारच दुखत असणार. बामाला वेगळे पैसे लागतील तर सांग म्हणालो. नको म्हणाली, तेवढ्यात भागेल.

अस्वलाचा एका हळदीचा भाव सातशे आहे. त्याच्यापेक्षा कमी द्यायला लाज वाटते, जास्त द्यायला खिशात नाही. वर देवीच्या नावाचा एक. आत्ता तिच्या नंबरवर पाठवतोय, रुपये सातशे एक.